टॉन्सिलची शस्त्रक्रिया आणि घरचे चौदा दिवस

या अहवालात अन्यत्र दिलेल्या तक्त्यात कान-नाक-घसा विभागाच्या वर्षभरातील शस्त्रक्रियांची नोंद आहे. त्यात ‘टॉन्सिल व अडेनॉइड’ अशी एक ओळ आहे. हृदयाच्या आणि सांध्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या शेजारी ही ओळ वाचकाच्या नजरेत भरत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दृष्टीने हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे. मूल बहुधा एक रात्र रुग्णालयात राहते आणि दुसऱ्या दिवशी घरी जाते. म्हणूनच आमच्या काही देणगीदारांनी विचारलेला प्रश्न रास्त वाटतो. एवढ्या लहान शस्त्रक्रियेनंतर आपल्या परिचारिका सातव्या दिवशी घरी दूरध्वनी कशासाठी करतात? आणि दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबास दहा दिवस धर्मशाळेतील खोली कशासाठी द्यावयाची? त्याचे उत्तर असे, की या शस्त्रक्रियेतील अवघड भाग मूल घरी गेल्यानंतर सुरू होतो, आणि त्या वेळी त्याच्याजवळ डॉक्टर नसतात; आई, आजी किंवा मावशी असते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

टॉन्सिल म्हणजे काय?

तोंड उघडून ‘आ’ केले असता पडजिभेच्या दोन्ही बाजूंस ज्या दोन गाठी दिसतात, त्या टॉन्सिल. नाकाच्या मागील बाजूस, टाळूच्या वर, आरशात न दिसणारी अशीच एक गाठ असते, तिला अडेनॉइड म्हणतात. जिभेच्या मुळाशीही याच प्रकारचा भाग असतो. या सर्वांचे मिळून घशाभोवती एक कडे तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. श्वासावाटे आणि अन्नावाटे येणाऱ्या जंतूंशी शरीराची पहिली ओळख येथे होते. साधारण तिसऱ्या ते दहाव्या वर्षापर्यंत हे काम जोरात चालू असते. त्यामुळे त्या वयात टॉन्सिल मोठे दिसणे हा आजार नव्हे. पुढे ते आपोआप लहान होत जातात.

टॉन्सिल काढल्याने मुलाची प्रतिकारशक्ती जाईल काय, हा प्रश्न बहुतेक आजी-आजोबा विचारतात. हेच काम करणारा बराच भाग शरीरात इतरत्र असल्याने तसे सहसा होत नाही. तथापि, डेन्मार्कमधील सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी टॉन्सिल किंवा अडेनॉइड काढलेल्यांत पुढील आयुष्यात श्वसनमार्गाचे काही विकार अधिक आढळल्याचे त्यात नमूद आहे. तो केवळ नोंदींचा अभ्यास असल्याने शस्त्रक्रियेमुळेच तसे झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु गरज नसता हा अवयव काढू नये, एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे.

शस्त्रक्रिया कोणास हवी?

एके काळी हा विवेक फारसा पाळला जात नसे. न्यूयॉर्क येथे १९३४ साली अकरा वर्षांच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांनी तपासले आणि त्यांतील ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचविली. ज्यांना ‘गरज नाही’ असे सांगितले होते, ती मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविली. त्यांनी त्यांतील ४६ टक्क्यांना शस्त्रक्रिया सुचविली. राहिलेली पुन्हा तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तेथे ४४ टक्के. अखेरीस हजारांतील केवळ ६५ मुले अशी उरली, की ज्यांना कोणीच टॉन्सिल काढावयास सांगितले नव्हते. डॉक्टर मंडळींनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी, असे आम्हांस वाटते.

आज निकष बरेच स्पष्ट आहेत. पिट्सबर्ग येथील बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ते आले. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घशाचा खरा संसर्ग झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. ‘खरा’ म्हणजे घसा दुखण्याबरोबर १०१ अंशांहून अधिक ताप, टॉन्सिलवर पू, मानेत दुखऱ्या गाठी किंवा तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस जंतू, यांपैकी काहीतरी असणे. साधे सर्दी-पडसे यात धरावयाचे नाही. ‘सारखाच घसा येतो’ या वाक्यावर निर्णय करता येत नाही. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, की घरातील भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्यावर तापाच्या दिवशी खूण करा आणि किती ताप होता तो आकडा लिहा. वर्षअखेरीस तेच पान घेऊन या. अनेकदा ते पान पाहून शस्त्रक्रिया टळते, कारण पॅराडाइज यांच्याच अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्या बऱ्याच मुलांचा त्रासही कालांतराने कमी झाला होता.

दुसरे कारण आहे झोपेतील श्वासाचे. टॉन्सिल आणि अडेनॉइड इतके वाढतात, की मूल पाठीवर झोपले असता हवा जाण्याची वाट बुजते. मूल मोठ्याने घोरते, मध्येच काही क्षण श्वास थांबतो, मग दचकल्यासारखे होऊन पुन्हा सुरू होतो. तोंड उघडे राहते, उशी घामाने भिजते, कधी अंथरूण ओले होते, आणि दिवसा हेच मूल वर्गात चुळबुळे किंवा मंद ठरते. अमेरिकेतील ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया केलेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सुधारलेली आढळली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्के मुले सुधारली होती. एकाग्रतेच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक पडला नाही, वागणुकीत पडला. शस्त्रक्रियेने मूल ‘हुशार’ होईल, असे आश्वासन म्हणून आम्ही देत नाही.

सांधेतापाविषयी एक वाक्य आवश्यक आहे. स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गातून होणारा हा आजार हृदयाच्या झडपा खराब करतो. त्या मुलांना ठरावीक अंतराने द्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन टॉन्सिल काढले म्हणून बंद करावयाचे नसते.

शस्त्रक्रियेचा दिवस

याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास अन्न व दूध बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. रुग्णालयाने दिलेली वेळ काटेकोर पाळावी. हलणारा दात असल्यास भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. घरात कोणास जखमेतून फार वेळ रक्त वाहण्याचा त्रास असेल, किंवा भुलीचा कोणास अपाय झाला असेल, तर तेही सांगावे. अशा गोष्टी आत्याला किंवा आजीलाच ठाऊक असतात. पूर्ण भूल देऊन तोंडावाटेच टॉन्सिल काढले जातात, बाहेर कोठेही छेद नसतो. उरते ती घशातील उघडी जखम. तिला सहसा टाके घालीत नाहीत. ती तळापासून हळूहळू भरून येते, आणि पुढचे सारे वर्तमान या एका गोष्टीतून निघते.

घरी गेल्यावर

पहिल्या संध्याकाळी मूल पेंगुळलेले असते, एखादी उलटी होते, थुंकीत लालसर रेषा दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते थोडे खेळकर होते आणि घरच्यांना वाटते, झाले, सुटलो. पाचव्या दिवसाच्या सुमारास दुखणे पुन्हा वाढते. अनेक घरांत याच वेळी धीर सुटतो, कारण ‘बरे होता होता बिघडले’ असे दिसते. प्रत्यक्षात काही बिघडलेले नसते. जखमेवर धरलेली खपली या दिवसांत सुटू लागते आणि खालचा कोवळा भाग उघडा पडतो. कानही दुखतात, घशाची आणि कानाची एक नस सामाईक असल्याने घशाची कळ कानात जाणवते. कानात थेंब घालण्याची गरज नसते. तोंडाला दुर्गंधी येते, आवाज नाकातून आल्यासारखा होतो, पाणी पिताना थोडे नाकातून परत येऊ शकते, सूज असेपर्यंत घोरणेही चालू राहते. १०१ अंशांच्या आतला ताप पहिले काही दिवस येऊ शकतो.

आणि घशात दोन पांढरे-पिवळसर डाग दिसतात. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

शाहूवाडी तालुक्यातील एका वाडीतून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, मुलगी दुसऱ्या दिवशी घरी गेली. सातव्या दिवशी आमच्या परिचारिकेने नेहमीप्रमाणे दूरध्वनी केला. फोन आजींनी घेतला. त्या म्हणाल्या, “घशात पू झालाय बघा, सिस्टर. बॅटरी लावून बघितलंय मी. म्हणून भात, डाळ, दूध समदं बंद केलंय. हळद-मिठाच्या गुळण्या लावल्यात.” परिचारिकेने विचारले, “आजी, सकाळपासून लघवीला कितीदा गेली?” पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग उत्तर आले, “काल रात्री गेलती.” त्या वेळी दुपारचे दोन वाजले होते.

मुलीस संध्याकाळपर्यंत रुग्णालयात आणले गेले. शिरेतून सलाईन दिले, दुखणे थांबविणारे औषध वेळेवर सुरू केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटीभर पेज घेतली. आजींचे निरीक्षण अचूक होते, हे येथे नमूद केले पाहिजे. आठवडाभर दररोज बॅटरीच्या उजेडात घसा पाहणारी व्यक्ती प्रत्येक घरात नसते. त्यांनी काढलेला निष्कर्षही त्यांच्या अनुभवाला धरून होता, कारण जखमेत पिवळे दिसले की तो पू, आणि भात-डाळीने पू वाढतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. परंतु हे पांढरे आवरण पू नव्हे. गुडघ्यावरच्या जखमेला कोरडी, काळी खपली धरते. घशात सदैव ओलावा असल्याने तीच खपली पांढरी व मऊ दिसते. ती खरवडावयाची नाही, तिच्यावर काही लावावयाचे नाही. आता मूल घरी जाण्यापूर्वी परिचारिका अशा घशाचे छायाचित्र घरच्यांना, विशेषतः आजींना, दाखवितात.

मुलाने पाणी न पिणे हेच घरच्या काळातील सर्वांत सामान्य संकट आहे. दुखते म्हणून ते गिळत नाही. गिळत नाही म्हणून घसा कोरडा पडतो. कोरडा घसा अधिक दुखतो. १५ किलो वजनाच्या मुलास दिवसभरात सर्व पातळ पदार्थ मिळून सुमारे सव्वा लिटर लागते. एकदम पेलाभर पाजण्याचा आग्रह धरल्यास मूल तोंड मिटून घेते. त्यापेक्षा जागे असताना दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट द्यावेत. पाणी, शहाळे, पातळ ताक, दूध, पेजेचे पाणी, यांतील जे मुलाला आवडते ते. थंड पदार्थ चालतात, किंबहुना थंडाव्याने घसा बधिर होऊन गिळणे सोपे जाते. वर्षभर ज्या मुलाला कुल्फीकडे पाहूही दिले नाही, त्याला आता ती स्वतःहून द्यावयाची, हे घरच्यांच्या गळी उतरविणे आम्हांस औषधापेक्षा कठीण जाते. दुधाने जखमेत पू होत नाही. दिवसभरात लघवी तीन वेळांहून कमी झाली, ओठ सुकले, रडताना अश्रू आले नाहीत, तर रुग्णालयाशी संपर्क साधावा.

खाण्याच्या बाबतीत आपले स्वयंपाकघर या शस्त्रक्रियेसाठीच केले असावे, इतके सोयीचे आहे. तूप घातलेला गुरगुट्या भात, मुगाचे वरण, नाचणीची आंबील किंवा सत्त्व, रव्याची खीर, केळे, दुधात कुस्करलेली पोळी, सारे कोमट किंवा गार करून द्यावे. चिंच, लिंबू, संत्रे, लोणचे व तिखट झोंबते, म्हणून टाळावे. चिवडा, शेव, पापड पहिले दोन आठवडे नकोत, असे आम्ही सांगतो. इंग्लंडमधील अनेक रुग्णालये मात्र सुरुवातीपासून टोस्टसारखे नेहमीचे अन्न चघळावयास सांगतात, म्हणजे जबडा आखडत नाही. यात मतभेद आहे. मुलाने चघळावे आणि गिळावे, एवढ्याविषयी नाही.

औषध ‘दुखल्यास द्यावे’ असे न ठेवता पहिला आठवडा घड्याळाप्रमाणे द्यावे. जेवणापूर्वी अर्धा तास दिल्यास खाणे सुकर होते. रात्रीची मात्रा चुकली, तर सकाळी घसा कोरडा आणि ठणकता, मग मूल औषधही गिळत नाही. पॅरासिटामॉल हे मुख्य औषध. त्याचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. बाजारात एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत २५० मिलिग्रॅम, आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम. ‘एक चमचा’ या मापाला म्हणून काही अर्थ नाही. बाटली बदलली, तर फार्मासिस्टला आमचा कागद दाखवूनच मात्रा ठरवावी आणि बाटलीबरोबरच्या मापाने द्यावी. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. कोडीन असलेले खोकल्याचे किंवा वेदनेचे औषध तर कधीच नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचे झपाट्याने मॉर्फिन होते आणि श्वास मंदावतो. अशा मृत्यूंच्या नोंदी झाल्यानंतर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा दिला. घरात मोठ्यांसाठी आणलेली बाटली मुलाला द्यावयाची नाही, ती याचसाठी. अँटिबायोटिकने ही जखम लवकर भरत नाही. ती आम्ही सरसकट देत नाही, आणि तिची मागणीही करू नये.

रक्तस्राव

याविषयी भीती घालण्याचा हेतू नाही, पण आडपडदाही ठेवणे योग्य नव्हे. शंभर मुलांमागे साधारण दोन ते चार जणांना शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होतो. पहिल्या चोवीस तासांत झाला, तर मूल बहुधा रुग्णालयातच असते. दुसरा धोका खपली सुटण्याच्या दिवसांत, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसांत असतो. त्या वेळी मूल आपल्या गावी असते, आणि बरेचदा रात्र असते.

१५ किलोच्या मुलाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे सव्वा लिटरहून कमीच असते. म्हणून मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारे रक्त मुलाच्या बाबतीत किरकोळ नसते. शिवाय मूल रक्त थुंकत नाही, गिळते. झोपेत ते वारंवार आवंढा गिळत असेल, तर दिवा लावून घसा पाहावा. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर ते पोटात गेलेले रक्त समजावे.

ताजे लाल रक्त दिसले, की मुलाला बसवून थोडे पुढे वाकवावे व रक्त थुंकू द्यावे. आडवे झोपवू नये. हळद, तुरटी, कापूस घशात घालू नये. खाण्यास काही देऊ नये, कारण पुन्हा भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्त वाटेत थांबले, तरी परत फिरू नये. थोडे येऊन थांबलेले रक्त काही तासांनी पुन्हा, आणि अधिक, येऊ शकते.

दहा दिवसांची खोली

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची रात्र गरीब कुटुंबास परवडते. परंतु पाचव्या ते दहाव्या दिवसाची रात्र कोणत्याही खाटेच्या हिशेबात येत नाही. शेवटची एस. टी. संध्याकाळी सुटून गेलेली, पावसाळ्यात रस्ता बंद, वाडीत वाहन एकाकडेच. अशा घरच्या मुलास आणि शहरात राहणाऱ्या मुलास शस्त्रक्रिया एकच झाली, तरी त्यांचा धोका एकसारखा नसतो. हा फरक भरून काढण्याचा आम्हांस सापडलेला साधा उपाय म्हणजे रुग्णालयाच्या आवारातील धर्मशाळेची खोली. तेथे आईला चूल-गॅसची सोय, रात्री हाक मारावयास परिचारिका आणि दाराशी रस्ता असतो. खर्च शस्त्रक्रियेच्या मानाने थोडा आहे. अडचण उरते ती आईच्या दहा दिवसांच्या मजुरीची आणि घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकरांची. काही देणगीदारांनी यंदा खोलीबरोबर शिधाही देण्याची इच्छा दर्शविली आहे. विश्वस्त मंडळापुढे तो विषय आहे.

ज्यांचे घर वाहनाने एका तासाहून अधिक अंतरावर आहे, त्यांना खोलीसाठी प्राधान्य दिले जाते. दहाव्या दिवशी घसा तपासून मूल घरी पाठविले जाते. चौदा दिवसांपर्यंत शाळा, धावपळ, पोहणे आणि जत्रेची गर्दी टाळावी. खोलीसाठी नाव शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच नोंदवावे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत बहुतेक पालक ही शस्त्रक्रिया करून घेतात, आणि त्या काळात खोल्या लवकर भरतात.